चौथा गळा

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुम्ही काही माझे मित्र नाही. तुम्ही कानांत शेंगदाण्याएवढ्या गोळ्या कोंबून हिंडता, त्या हरवल्या की नव्या आणता, आणि माझ्यासारखा थोराड, जाड वायरीचा हेडफोन दिसला की हसता. खुशाल हसा. पण आज मला बोलायचं आहे आणि तुम्ही शेवटपर्यंत ऐकायचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. कुठल्या ते आठवत नाही आणि त्याचं मला कौतुकही नाही. मला कळायला लागलं ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात. तिथून जुन्नरच्या रहमतुल्लाभाईंनी मला उचललं. लग्नाकार्यांना आणि जत्रांना लाउडस्पीकर देण्याचा त्यांचा धंदा होता. पुढे त्यांनी नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत माडीवरच्या दोन खोल्या घेतल्या, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दाराला गोधडी टांगली आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ सुरू केला. खालून टोमॅटोच्या गाड्या जायच्या. गाणं ऐन रंगात आलं की नेमका हॉर्न वाजायचा, मग रहमतुल्लाभाई हात वर करायचे आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून गावं लागायचं.

त्यांचा माझ्यावर भरवसा होता. "हा हेडफोन कुणाची खुशामत करत नाही," असं ते म्हणायचे. खरं आहे ते. बेसूर असेल तर मी बेसूरच ऐकवतो. माझ्या गाद्या झिजल्या तेव्हा त्यांच्या पत्नीने, बिबिजानने, जुन्या मखमलीच्या नव्या शिवून दिल्या. त्या जरा घट्ट झाल्या. तेव्हापासून मी कान आवळतो अशी माझी बदनामी आहे, आणि ती खोटी नाही.

रहमतुल्लाभाईंचा एक नियम होता. रेकॉर्डिंग झालं की गाणाऱ्याने स्वतःचा आवाज माझ्यातून ऐकल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. "आवाज त्याचा आहे, आपण फक्त सांभाळायला घेतलाय," असं ते म्हणत. शाहीर ऐकायचे, तमाशाच्या फडातल्या गाणाऱ्या बायका ऐकायच्या, ढोलकीवाला ऐकायचा. कुणी लाजायचं, कुणी स्वतःवरच खूश होऊन मान डोलवायचं.

फक्त झीलकऱ्यांची पाळी कधी आली नाही. झीलकरी कोण ते तुम्हाला ठाऊक नसणारच. मुख्य गाणारा ओळ म्हणतो. त्याच्या मागे उभे राहून जे ती ओळ उचलतात, लांबवतात, "जी जी" करत जागती ठेवतात, ते झीलकरी. पोस्टरवर त्यांचं नाव नसतं. स्टुडिओतही ते दाराजवळ गोधडीला टेकून उभे राहायचे. रेकॉर्डिंग संपतं न संपतं तोच फडाची गाडी खाली हॉर्न मारायची, कारण पुढच्या गावची जत्रा गाठायची असायची, आणि सामान उचलून सगळ्यांत आधी जिना उतरायचे ते हेच लोक.

त्यांतले एक जुन्नरकडच्या मढचे धर्माजी. पावसाळ्यात डोंगराकडेला भाताची शेती करायची आणि जत्रांच्या दिवसांत फडाबरोबर फिरायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम होता. त्यांच्याबरोबर गेणभाऊ, जानकू आणि कुशाबा असे आणखी तिघे मढचेच. या चौघांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या झीलकऱ्यांत ऐकली नाही. पहिले तिघे ओळ एकदम उचलायचे आणि धर्माजी मुद्दाम मागे राहायचे. फार नाही, पापणी लवेल एवढंच. तिघांचा दम संपून ते थांबले तरी धर्माजींचा आवाज चालूच असायचा, आणि मुख्य गाणारा पुढची ओळ त्या आवाजावर पाय ठेवून सुरू करायचा. मध्ये खड्डा पडायचा नाही. "तिघं ओळ उचलतात, चौथा ती पडू देत नाही," असं रहमतुल्लाभाई सांगायचे.

आणि दर वेळी ते म्हणायचे, "धर्माजी, पुढच्या वेळी पहिली पाळी तुमची."

"बरं भाऊ," म्हणून धर्माजी सामानाची पेटी खांद्यावर घ्यायचे आणि जायचे. अशी तीसएक वर्षं गेली. जत्रेतल्या कर्ण्यांतून त्यांनी आपलीच गाणी हजारदा ऐकली असतील, पण त्या कलकलाटात चौथा गळा कुणाला ओळखू येतोय? दोन वर्षांपूर्वी रहमतुल्लाभाई गेले. पाळी राहिली ती राहिलीच.

स्टुडिओ त्यांच्या मुलीकडे, अफिफाकडे आला. ती पुण्यात कम्प्युटरवर संगीत करायला शिकून आली होती. पोरगी गुणी आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. तिने येताना एक नवा, हलका, घडी होणारा हेडफोन आणला. कानामागून आला आणि तिखट झाला. मला दाराजवळच्या खिळ्यावर टांगण्यात आलं. एका कोळ्याने माझ्या डाव्या गादीत संसार थाटला. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही आणि मीही कुणाला आठवण करून दिली नाही.

मग मंचरचा सयाजी आला. तो बिबट्यावर एक लघुपट करत होता. आमच्याकडे बिबट्या उसात राहतो, त्यामुळे लघुपट करायला त्याला लांब जावं लागलं नाही. त्याला एक गाणं हवं होतं. अफिफाने स्वतः शब्द जुळवले, स्वतःच चाल लावली आणि स्वतःच गायली: "उसात दोन डोळं, बाई, उसात दोन डोळं." झील धरायला तिने धर्माजींना निरोप धाडला. चौघे आले, दाराजवळ उभे राहिले आणि दुपारभर गायले. धर्माजी तसेच मागे राहत होते. त्यांचं वय सत्तरीला टेकलं होतं, पण गळा जाग्यावर होता.

निघताना धर्माजी माझ्या खिळ्याखाली थांबले. "पोरी, तुझ्या बापाकडं माझी एक पाळी ऱ्हायलीय."

"ठाऊक आहे काका," अफिफा म्हणाली. "गाणं पुरं होऊ द्या, मग पुरंच ऐकवते. पहिली पाळी तुमची."

धर्माजी "बरं" म्हणाले. मित्रांनो, चूक इथेच झाली. तेव्हाच मला खिळ्यावरून काढून त्यांच्या कानांना लावलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण बापाची सवय लेकीने बरोबर उचलली होती.

दुसऱ्या दिवशी सयाजीने गाणं ऐकलं. "ताई, तुमचा आवाज एक नंबर. पर मागचे लोक... जत्रंत आल्यागत वाटतं राव. मला एपिक पायजे. मोठ्या पिच्चरमधी कसं शंभर माणसं एकदम 'आऽ' करत्यात, अंगावर काटा येतो, तसलं."

"शंभर माणसं कुठून आणू?"

"माणसं कोण आणतंय आता? कम्प्युटरवर मिळत्यात की तयार."

खरंच मिळतात. कसं ते सांगतो. दूर कुठल्या तरी देशात चाळीस-साठ गाणाऱ्यांना मोठ्या दिवाणखान्यात उभं करतात. एकेक सूर सुटा गाऊन घेतात: हळू, मोठ्याने, लांब, तोडून. मग त्या सुरांचे तुकडे कम्प्युटरच्या एका मोठ्या फायलीत, पेटीच म्हणा, भरून विकतात. तुम्ही एक पट्टी दाबली की चाळीस गळे उघडतात. कुणासाठी गातोय, काय गातोय, हे त्यांना कधीच कळत नाही. मेहनत त्यांची, आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणार सयाजीचा बिबट्या.

त्याच आठवड्यात नव्या हेडफोनची दांडी दारात सापडून मोडली. नाजूक लोकांचं असंच असतं. अफिफाने मला खिळ्यावरून काढलं, ओढणीने पुसलं, कोळ्याला घालवलं आणि म्हणाली, "चल, अब्बा म्हणायचे तू खरं सांगतोस." आठ दिवस ती एकेक गायकवृंद चाखून बघत होती आणि ते सगळे माझ्यातून ये-जा करत होते. माझी परवानगी कुणी घेतली नाही.

पहिल्या पेटीतल्या आवाजांना दगडी देवळातला घुमारा होता, आणि तो काढताच येत नव्हता. लेण्याद्रीच्या गुहेत कुणी खोकलं तरी फार मोठं काही म्हणाल्यासारखं वाटतं, त्यातली गत. दुसरी पेटी कोरडी आणि जवळची होती, पण तिला 'आ' आणि 'ऊ' यांपलीकडे काही येत नव्हतं. तिसरीत कुजबुज, किंकाळ्या, हुंकार सगळं तयार होतं. ते बिबट्याला चाललं असतं तसं साबणाच्या जाहिरातीलाही चाललं असतं. चौथ्या पेटीत अक्षरं टाइप केली की ती मंडळी शब्द म्हणायची. अफिफाने "उसात दोन डोळं" टाकलं. त्यांच्याकडे ना 'ड' होता ना 'ळ'. चाळीस विलायती माणसं एका सुरात "दोलम, दोलम" करू लागली. अफिफा हसली. मला हसू आलं नाही.

तिच्या अकलेला मी नावं ठेवणार नाही. दुकानवाल्यांनी ऐकवलेले नमुने ढोलताशांनी झाकलेले असतात, हे तिला माहीत होतं. तिने प्रत्येक पेटी उघडी करून ऐकली. बाया किती, पुरुष किती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात की उडी मारतात, सगळं तपासलं. त्या चौथ्या पेटीला ती भुलली ती एकाच गोष्टीमुळे. चाळीसही जण नेमके एका क्षणी सुरू व्हायचे आणि नेमके एका क्षणी थांबायचे. केसाचा फरक नाही. "किती स्वच्छ," ती म्हणाली. हे सगळे एकदम थांबले की मागे कोण राहतं, हा एकच प्रश्न तिने विचारला नाही. झीलकऱ्यांत वाढलेल्या पोरीने तो विचारायला हवा होता.

ती चौथी पेटी तिने घेतली. शब्द मात्र टाकलेच नाहीत, नुसता 'आ' ठेवला. आता अडचण अशी झाली की चाळीस जणांपुढे धर्माजी चुकल्यासारखे वाटू लागले. सगळे आले आणि हे एक म्हातारे मागून आले. मग अफिफाने त्यांचा आवाज कापला आणि पुढे सरकवला. मी तिच्या कानांवर होतो. मागे राहणाऱ्या माणसाची मानगूट धरून त्याला ठेक्यावर आणून उभं केलेलं मी ऐकलं. प्रत्येक ओळीला. दुपार जाईपर्यंत धर्माजी इतरांसारखे झाले. मग तिने चौघांचाही आवाज थोडा बारीक केला, मग आणखी बारीक केला, आणि शेवटी तो होता की नव्हता हे मलाही सांगता येईना.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण ती पेटी अवाढव्य होती, आणि कम्प्युटरची डिस्क आधीच गच्च भरलेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. अफिफा एकेक जुनी वस्तू पुसू लागली. फसलेल्या जाहिराती गेल्या, बिघडलेली गाणी गेली, आणि त्यांच्या मागोमाग चौघांचं मूळ रेकॉर्डिंगही गेलं. दुरुस्त केलेली प्रत आहेच, मग मूळ कशाला, असा तिचा हिशोब. तिच्या मनात वाईट नव्हतं. वाईट करायला मनात वाईट असावं लागतं असं कुणी सांगितलंय? मला ओरडता येत नाही. मी तिचे कान जेवढे आवळता येतील तेवढे आवळले. तिने मला काढून ठेवलं आणि कान चोळले.

चार दिवसांनी धर्माजी एसटीने आले. बिबिजानसाठी वरईची पिशवी आणली होती. स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. अफिफाचा चेहरा उतरला, पण नाही कसं म्हणणार? तिने मला त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि गाणं लावलं.

ते डोळे मिटून ऐकत राहिले. गाणं संपलं. "लई मोठं झालंय," ते म्हणाले. "पर ह्यात मी कुठं हाय?"

"आहात ना काका. आत आहात."

"पुन्यांदा लाव."

तिने पुन्हा लावलं. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले. "न्हाई. आमा चौघांत मी मागं ऱ्हातो. हितं मागं कुनीच न्हाई. समदे संगं येत्यात आन संगं थांबत्यात. मग वळ कोन धरतं?"

अफिफाने नजर कम्प्युटरच्या पडद्याकडे वळवली.

"आमी त्या दिशी गायलो, ते लाव. नुस्तं."

"ते..." ती म्हणाली. "ते पुसलं गेलं, काका. जागा नव्हती."

धर्माजींनी मला डोक्यावरून काढलं, वायर नीट गुंडाळली आणि खिळ्यावर टांगलं. मग ते तिच्याकडे वळले. "तुझा बाप दर साली म्हनायचा, फुडच्या येळंला. त्याला येळ न्हवता, मला गाडी व्हती. त्यात लबाडी न्हवती. तू मला 'आत हायसा' म्हनालीस." गोधडी बाजूला सारून ते जिना उतरले. वरईची पिशवी खुर्चीवर तशीच राहिली.

त्या दिवशी मला अफिफाचा मनापासून राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

लघुपट लोकांनी मोबाइलवर हजारोंनी पाहिला. उसातून बिबट्या निघतो आणि मागे विलायती देवळातली प्रार्थना चालू होते. बिबट्यालाही कळेना, आपण पिंपळवंडीच्या उसात आहोत की आणखी कुठे. व्हिडिओखाली लोकांनी कौतुकाने पानं भरली होती. सयाजी पेढे घेऊन आला. अफिफाने पेढा हातात धरला आणि तो गेल्यावर परत डब्यात ठेवला. बिबिजानने वरईचा भात केला त्या दिवशी ती जेवली नाही, असं मी दाराआडून ऐकलं.

भाताची कापणी उरकली तेव्हा एका सकाळी तिने मला दुपट्ट्यात गुंडाळून पिशवीत घातलं. सोबत दोन माइक आणि रेकॉर्डरची छोटी डबी घेतली. आम्ही मढला गेलो.

धर्माजी खळ्यावर भात झोडत होते. त्यांच्या बायकोने, लंकाबाईने, आम्हाला आधी पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून वाटेत उभी राहिली. "गानं घ्याया आलीस का कापाया?"

अफिफा तिथेच थांबली. "घ्यायला आले, काकी."

"पिच्चर तर लागला म्हनं," धर्माजी मान वर न करता म्हणाले. हातातली पेंढी फळीवर आपटत होते.

"पिक्चरसाठी नाही आले. काका, मी खोटं बोलले. मूळचं मी पुसलं आणि वर खोटं बोलले. तुमची पाळी राहिलीय, तेवढ्यासाठी आलेय."

त्यांनी ती पेंढी पुरी झोडली. मग दुसरी घेतली. तीही झोडली. अफिफा उन्हात उभी होती आणि तिला कुणी बस म्हटलं नाही. मला बरं वाटलं.

शेवटी ते म्हणाले, "गातानाच ते कानावर पायजे. मागनं ऐकीन म्हनलं तर काय ऐकायला मिळतंय ते बगितलं. आन कापायचं न्हाई. चुकलो तरी न्हाई."

"नाही कापणार."

लंकाबाईने बांधावरून हाका मारल्या. गेणभाऊ, जानकू आणि कुशाबा आपापल्या खळ्यांवरून आले, अंगाला तूस तसंच. अफिफाने एक माइक तिघांपुढे ठेवला, एक धर्माजींपुढे. माझी जाड पिन डबीत बसली आणि मी धर्माजींच्या डोक्यावर चढलो. त्यांच्या केसांत काड्या होत्या. मी कान आवळले.

अफिफाने ओळ म्हटली: "उसात दोन डोळं, बाई, उसात दोन डोळं." तिघांनी ती झेलली. पापणी लवेल एवढं थांबून धर्माजी मागून आले, आणि तोच आवाज माझ्यातून त्यांच्या कानांत शिरला, आयुष्यात पहिल्यांदा, एकट्याचा, अगदी जवळून. जरा चिरलेला, रुंद, घाई नसलेला आवाज.

धर्माजी गायचे थांबले.

तोंड उघडंच राहिलं. दोन्ही हात वर येऊन माझ्या गाद्यांवर बसले. तिकडे तिघांचा दम संपत आला होता आणि मागे कुणी नव्हतं. ओळ पडणार हे मला कळलं, अफिफालाही कळलं. तिचे डोळे मोठे झाले. गेणभाऊंनी एकदा धर्माजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्या माणसाने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. उरलासुरला दम गोळा करून तो मागे राहिला. त्याचा दम तुटला तसा सूर जानकूने धरला, जानकूचा तुटला तसा कुशाबाने. त्यांना मागे राहायची सवय नव्हती. आवाज हेलपाटत होते, सूर सरळ नव्हता. पण अफिफाची पुढची ओळ येईपर्यंत खड्डा पडला नाही. आणि असं त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत नेलं, धर्माजींवाचून, धर्माजींसाठी.

गाणं संपल्यावर धर्माजींनी विचारलं, "त्यो पयला मागनं आला, त्यो मीच व्हय?"

"तुम्हीच, काका."

त्यांनी मला कानांवर नीट बसवलं. "अजून थोडा मागं पायजे व्हतो," म्हणाले. "चला, पुन्यांदा."

दुसऱ्या खेपेला ते गायले, आणि खरंच आणखी थोडे मागे राहिले. लंकाबाईने मला त्यांच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या कानांना लावलं आणि दोन्ही गाणी ऐकली. निघताना अफिफा "पुढच्या वेळी" म्हणायला गेली आणि तिने शब्द गिळला. धर्माजींनी तिला माफ केलं का? मला नाही वाटत. ते पुन्हा पेंढी घेऊन फळीकडे गेले.

घरी येऊन तिने दोन्ही गाणी डिस्कवर ठेवली. जागा पुरेना, तेव्हा चाळीस विलायती गळ्यांची पेटी बाहेर गेली. त्यांच्यावर आता माझा राग नाही. त्यांनाही कुणी कधी विचारलं नसेल की आमचा आवाज कुठे कुठे गेला.

मी परत खिळ्यावर आहे. धूळ आहे, कोळीही परतला आहे. मला पुसा, जपा, अशी विनवणी मी करणार नाही. तुम्ही ऐकणारही नाही. पण तुमच्या त्या मोबाइलमध्ये घरातल्या, गावातल्या कुणाचे ना कुणाचे आवाज पडून असतात, आणि जागा संपली की तुमचा अंगठा सरसर चालतो. त्याआधी एकदा, ज्याचा आवाज आहे त्याच्या कानांना तो लावा. त्यासाठी मी हवा असेन तर वारूळवाडीला या. कान आवळीन, तेवढं सोसा.